नातीच्या शेताला पाणी

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. सून म्हणाली, आई, दिवसभर बोलत असता, थोडं कागदाशीही बोला. टोमणा होता. पण वही चांगली, जाड पानांची, वाया कशाला घालवा. शाळा माझी चौथीपर्यंत, अक्षर मात्र मोत्यासारखं. मास्तर म्हणायचे. मास्तरांना कमी दिसायचं, ते सोडा.

मुख्य मुद्दा नात. नोकरी सोडून घरी आली ती थंडीपासून भिंतीकडे तोंड करून पडून आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात डिप्रेशन. आमच्या वेळी नव्हतं हे. आमचे हे रिटायर झाल्यावर मरेपर्यंत खिडकीत बसून होते, तोंडातून शब्द नाही. पण त्यांना डिप्रेशन नव्हतं. त्यांना मी होते. चहा हातात, गोळी हातात, मोजे पायात.

संकल्प: नातीला मी उभी करणार. पहिलं काम, तो व्हिडिओ गेम बंद. पोरगी उठते ती फक्त त्याच्यासाठी. टीव्हीत एक शेत आहे. त्यात ती पेरते, झारीने पाणी घालते, गाय सांभाळते. मी खरं शेत सोडून कारकुनाच्या दोन खोल्यांत आले, आणि ही गादीवर बसून शेती करते.

बुधवार, ६ मार्च
गेमची वायर काढून पिठाच्या डब्यात ठेवली होती. सुनेने शोधली. घरात हिला एरवी चष्मा सापडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी म्हणे बजावलंय, गेमला हात लावायचा नाही. त्या शेतात आपल्यासारखाच दिवस उजाडतो. पाणी मिळालं नाही तर रोपं माना टाकतात. म्हणून पोरगी उठते. उठली की दात घासते. दात घासले की कधी कधी आंघोळ. एकामागून एक येतं सगळं, असं सून सांगत होती. एवढं सांगायला डॉक्टर कशाला लागतो?

संकल्प बदलला. गेम चांगला आहे. मी शिकणार.

शनिवार, ९ मार्च
शिकले. नातीने माझं बोट धरून बटणावर ठेवलं. माझा माणूस सारखा गायीला जाऊन धडकत होता. गाय तोंड फिरवून बघायची, अगदी माझ्या नणंदेसारखी. तसं मी म्हटलं, तर नात हसली. आवाज करून हसली. सून हातात उलथनं घेऊन पळत आली आणि दारातच रडायला लागली. हिला कशाचंही रडूच येतं.

नात म्हणाली, आजी, तू नुसती बघ, पाणी मीच घालणार. संस्कार आहेत पोरीवर. म्हातारीला कष्ट नकोत म्हणून बोलली.

हसवली कोणी? मी.

मंगळवार, १२ मार्च, सकाळ
काय युक्ती सुचली आहे. आजारी पोरीला कष्ट हवेत कशाला? तिच्या आधी उठले. सगळ्या वाफ्यांना पाणी, गायीची धार, कोंबड्यांना दाणे. शेताला दिवसातून एकदाच पाणी लागतं. तिच्यासाठी काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

ती उठली, झारी उचलली, ओले वाफे बघितले. मी म्हटलं, पड हो बाळा, सगळं झालंय. पडली. गुणाची आहे.

शुक्रवार, १५ मार्च
शेत बघत राहावं असं झालंय. कुंपणाशी तिने रानफुलं वाढू दिली होती, उपटून टाकली. नात मात्र जेवायलाही उठत नाही. ताट खोलीत नेते मी. केस धुतलेले नाहीत. सून विचारते, आई, मधेच असं काय झालं हो, चांगली उठत होती. मी म्हटलं, औषध लागू पडत नसेल. डॉक्टर बदला.

मुलगा म्हणाला, आई, माझ्या बुटांच्या नाड्या तू कॉलेजपर्यंत बांधल्यास. बरं वाटलं. मुलं विसरत नाहीत. अजून बिननाडीचेच बूट घालतो.

रविवार, १७ मार्च
ताट ठेवायला गेले तर नात बोलली. भिंतीकडे बघूनच.

"आजी, तिथे कोणीतरी माझी वाट बघायचं. आता तेही तुझीच वाट बघतात."

मी म्हटलं, मग मी काय परकी आहे? तिने चादर डोक्यावरून घेतली.

खोलीत येऊन बसले. ठीक आहे. उद्यापासून हात लावणार नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

सोमवार, १८ मार्च
फक्त गाय. मुकं जनावर, त्याने काय केलंय?

मग गायीपर्यंत गेलेच होते तर वाटेतले दोन वाफे. ते काही मोजायचे नाहीत.

गुरुवार, २१ मार्च
नात मावशीकडे राहायला गेली. गेमचा डबा बरोबर नेला. बॅग तिने स्वतः भरली, मला हात लावू दिला नाही. डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं म्हणे. त्यांना माझ्यासमोर उपाय चालवायचा नसेल. श्रेय जातं ना.

निघताना पाया पडली. मी म्हटलं, शेताकडे मी बघेन. मग लक्षात आलं, शेत तर बॅगेत आहे.

गुरुवार, २८ मार्च
मावशीचा फोन. पोरगी सकाळी आपली आपण उठते. आधी शेत, मग आंघोळ, मग मावशीबरोबर बाजार. कुंपणाशी पुन्हा फुलं लावली आहेत. मावशी गेमकडे फिरकतसुद्धा नाही म्हणाली. आळशी आहे ती पहिल्यापासून.

सुनेला म्हटलं, बघितलंस, मी पाया घातला होता म्हणून. सून भांडी पुसत राहिली. तेच पातेलं परत परत.

नातीने फोनवर यायला नको म्हटलं.

रविवार, ३१ मार्च
जाग लवकर आली. टीव्हीसमोर जाऊन बसले. काचेत मीच दिसत होते. वेणीसुद्धा घातली नव्हती.

सुनेने चहा आणून हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, आई, एवढ्या लवकर उठून काय करणार आहात, स्वयंपाकाचं माझं आवरलंय.

चहा गोड होता. पिऊन परत जाऊन पडले. भिंतीचा रंग त्या बाजूला फिका झालाय, आजवर कधी बघितलं नव्हतं.