किरणचा एक धड फोटो

धुरीवाडा, मालवण

प्रिय रूपाली,

पत्र बघून घाबरू नकोस गो. इथे सगळे बरे आहेत. मारियानचे गुडघे तेवढे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा जास्त ती स्वतः कुरकुरते, पण ते तुला नवीन नाही. फोन असताना दादाने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. तर त्याचं असं आहे, फोनवर तू रडायला लागलीस की मला काही सुचत नाही आणि मग मी भलतंच काहीतरी बोलत सुटतो. गेल्या खेपेला तू विचारत होतीस एक आणि मी तुला मासळीबाजारातला बांगड्यांचा भाव सांगत होतो. मारियानने मागून माझ्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठे गप्प झालो. जन्मभर बोटीवरून तिला पत्रं लिहीत आलो, तेवढी विद्या अजून शिल्लक आहे. म्हटलं, बसून सावकाश लिहावं.

तू विचारलेलं मी विसरलेलो नाही. पुढच्या महिन्यात किरणला जाऊन वर्ष होईल आणि भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो तुला मिळत नाही. दीपिकाने बापाची सगळी कार्डं, सगळ्या डिस्का पालथ्या घातल्या. त्यात पणजी निघाली, कोल्हापूर निघालं, कुडाळचं स्टेशन निघालं, मालवण तर पोत्याने निघालं, पण किरण नाही. लग्नातला फोटो आहे, पण तो मिशीवाला काडीपैलवान तुला नको, आणि ते मला पटतं. त्या पोराबरोबर तू संसार सुरू केलास, पण जो गेला तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला आपला किरण. बँकेच्या ओळखपत्रावरच्या फोटोत तो चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखा दिसतो. आणि बाकी कुठे सापडेल म्हणावं, तर कोणी मोबाइल वर केला रे केला की हा पठ्ठ्या ‘द्या इकडे, मी काढतो’ म्हणत मागे सटकायचा. तू म्हणालीस, ‘दादा, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलात, तुमच्याकडे एखादा असेलच ना?’ मी ‘बघतो’ म्हणालो. माझ्याकडे नव्हता, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. माझ्या हातात कायम त्याच्या कॅमेऱ्याचं स्टँड असायचं, मी कसला फोटो काढतोय?

ते स्टँड माझ्या हातात कसं आलं, हे तुला कधी सांगितलं का मी? मी बोट सोडून कायमचा घरी आलो ते दिवस आठव. दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खोड काढत होतो. मारियान तोंडावर म्हणायची, ‘बोटीर होतंस तेवाच बरो होतंस.’ असाच एका रविवारी तुझा नवरा गळ्यात कॅमेरा अडकवून फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, ‘लिओनदादा, येतंस काय? स्टँड धरूक माणूस होयो.’ मला काही त्याचं कौतुक नव्हतं. पण खुर्चीचाच कंटाळा आला होता, म्हणून चपला घातल्या. तिथून जे सुरू झालं ते गेल्या वर्षीपर्यंत.

पहिल्या दिवशी त्याने मला जेटीवर नेलं. म्हटलं, झालं, हासुद्धा किल्ल्याचा फोटो काढणार. पर्यटकांची ही झुंबड, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. आणि हा एकटा किल्ल्याकडे पाठ करून उभा! गावाकडे कॅमेरा लावला त्याने. मी विचारलं, अरे, तिथे आहे काय? माड, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, आमच्या देवळाचा क्रॉस, नव्या लॉजांचे निळे पत्रे आणि गच्चीवर वाळत घातलेले पर्यटकांचे टॉवेल. तो म्हणाला, ‘ह्याच काढूक इलंय.’ किल्ला आहे तसा राहणार, त्याचे फोटो काढायला जग येतं, पण मालवणची ही आकाशाला टेकलेली कड दर वर्षी बदलते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, असं त्याचं म्हणणं. मग दर वर्षी त्याच जागेवरून तोच फोटो. कधी एखादा माड गेलेला, कधी एखादा मजला चढलेला. ढग मनासारखा येईपर्यंत मला उन्हात ताटकळत ठेवायचा, आणि मी शिव्या दिल्या की खिशातून जत्रेतल्या गोड खाज्याची पुडी काढून द्यायचा. लाच खाऊन मी गप्प.

लोक मला म्हणतात, लिओन, तू जग बघितलंस. बघितलं कसलं डोंबल! सिंगापूर आलं तेव्हा मी खाली भटारखान्यात बटाटे सोलत होतो, रॉटरडॅम आलं तेव्हाही बटाटेच. एवढी मोठमोठी शहरं माझ्या डोक्यावरून गेली, मी मान वर केली नाही. ती मान वर करायला मला तुझ्या नवऱ्याने शिकवलं, तेही पणजीला, बेतीच्या फेरीबोटीवर. त्या बोटीतून आम्ही एका संध्याकाळी इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहिलो, का, तर पलीकडच्या इमारतींमध्ये दिवे लागताना त्याला टिपायचे होते. फेरीवाला आम्हाला वेडे समजला. किरण मात्र मला दाखवत होता, दादा, त्या तिसऱ्या मजल्यावर बघ, म्हातारा कुंडीला पाणी घालतोय. त्या गॅलरीत बघ, बाई फोनवर भांडतेय. मी बघत राहिलो. बघता बघता मला एकदम भरून आलं, का ते विचारू नकोस. साठी उलटल्यावर मला कोणी नवे डोळे दिले असतील तर त्याने. मित्राचे आभार कोण मानतो? मीही मानले नाहीत. पण आता तुझ्याकडे मानतो, कारण माझ्यापायी तुझे कितीतरी रविवार एकटीने गेले आणि घरी आल्यावर तू आम्हा दोघांना गरम गरम घावणे वाढलेस.

असो. तर तुझा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. म्हटलं, इतक्या लोकांचे फोटो याने काढले, कोणीतरी याचाही काढला असेल. आधी बांद्याला गेलो. बाजारातल्या चहावाल्याच्या गल्ल्यामागे किरणने काढलेला बाजाराचा फोटो अजून आहे, मोठ्ठा, फ्रेम करून. त्याला किरण गेल्याचं ठाऊकच नव्हतं. सांगितलं तेव्हा तो स्टोव्ह बंद करून बाकावर बसला. पण फोटो? नाही. दोडामार्गला रबराच्या मळेवाल्यांकडे गेलो, तिथेही त्याने दिलेला फोटो भिंतीवर, त्याचा नाही. आपल्या लवूने होडीत त्याला शंभरदा नेलं असेल. लवूकडे त्याच्या होडीचे इतके फोटो की होडीला लाज वाटावी, पण होडीत बसणारा कुठेच नाही. जिकडे जावं तिकडे देणारा गायब. असा राग आला मला त्याचा! भर रस्त्यात स्कूटर थांबवून म्हणालो, मेल्या, एकदा उभा राहिला असतास तर तुझं काय जात होतं? मग नाक पुसलं आणि घरी आलो.

मारियान म्हणाली, दांडीच्या किनाऱ्यावर त्या मासळीवाल्या काशीबाईकडे जा. मला तोंड दाखवायचं धाडस नव्हतं, कारण त्या हारांच्या प्रकरणात माझाही हात होता. ते प्रकरण किरणने तुला अर्धंच सांगितलं असणार. त्या श्रावणात तू वैभववाडीला होतीस, आईच्या आजारपणात. इकडे नारळी पौर्णिमेला आम्ही शाळेच्या हॉलमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं, ‘पाठ किल्ल्याकडे’. उद्घाटनाला पाहुणे यायचे, म्हणून मी राधाबाई फुलवालीला सांगितलं, चांगले भरगच्च हार घेऊन ये आणि हॉलवर ठेव. आम्ही पाहुण्यांना आणायला गेलो. ती बाई हॉलवर आली, तर भिंतीवर ओळीने मोठ्या फ्रेमा. इमारती नि गच्च्या तिने सोडल्या. पण जिथे जिथे माणसाचं तोंड दिसलं, तिथे तिथे तिने नीट मन लावून हार घातला आणि हात जोडले. तिचीही चूक नाही म्हणा. आपल्याकडे एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये माणूस जातो कधी?

आणि पहिली आत शिरली कोण, तर काशीबाई! मासळीबाजारात सुरी घेऊन बसलेली, हसणारी, असा तिचा फोटो समोर, आणि त्यावर अस्सा शेवंतीचा हार. तिने किंकाळीच फोडली. ‘अरे मेल्यांनो, माका जितीच पोचयलास!’ पाहुणे दारातच थिजले. किरण पांढराफटक पडला, धावत गेला हार काढायला. तर हिने त्याचा हात धरला. फोटोकडे बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाली, ‘रव. काढू नको. मेल्यार घातलेलो हार माका थोडोच दिसतलो?’ हॉलभर हशा. प्रदर्शन संपल्यावर हा फोटो तिच्या घरी आणून द्यायचा, हारासकट, असं तिने बजावलं. मी मात्र तेव्हापासून तिच्या वाऱ्याला उभा राहिलो नव्हतो.

तरी गेलो. दारातच तिने मला ओळखलं. ‘हारवालो इलो गो,’ म्हणून सुनेला, प्रेमलताला हाक मारली. घरात समोरच तो फोटो, त्यावर ताजा हार. रोज घालते म्हणे, आणि जाता-येता स्वतःकडे बघून घेते. मी किरणचं नाव काढलं. मग तिने मला जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. किरण फोटो पोचवायला गेला तेव्हा मी बरोबर नव्हतो, मारियानला घेऊन तिच्या बहिणीकडे गेलो होतो. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, शेजारणीचं भांडंसुद्धा आपण रिकामं परत धाडत नाही. एवढा मोठा फोटो घरी आणून दिलेल्या माणसाला काशीबाई रिकाम्या हाताने कशी धाडणार? तिच्याकडे द्यायला होती मासळी, आणि किरणचा श्रावण! सुकटसुद्धा चालेना. चहा तो प्यायचा नाही. बाई अडून बसली. घरात शोधशोध शोधलं आणि शेवटी म्हणाली, तू माझो फोटो दिलंस ना, मग मी पण तुझो फोटो काढतंय. फिट्टंफाट.

मला तिथे बसायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी ओट्यावर बसलो. प्रेमलता सासूचा मोबाइल घेऊन आली. त्यात पापलेटं, नातीचे पाय, आढ्याचे वासे, पुन्हा पापलेटं. काशीबाई तिला एकही फोटो पुसू देत नाही, देव तिचं भलं करो. बराच वेळ प्रेमलता बोट फिरवत होती आणि मी खुरसाच्या क्रॉससमोर लादीनची प्रार्थना म्हणतो तितक्या भक्तीने पुटपुटत होतो.

रूपाली, या पत्रासोबत जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात जे आहे ते अजून उघडलं नसशील तर आता उघड. मी कुडाळला जाऊन मोठा करून आणला. फोटो वाकडा आहे, समुद्र एका बाजूला सांडतो की काय असं वाटतं, आणि वरच्या कोपऱ्यात काशीबाईचा अंगठा आला आहे. स्टुडिओवाला म्हणत होता, काका, अंगठा काढतो, सरळ करून देतो. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. मधोमध किरण आहे, डोळ्यांच्या कडा मुडपून हसतो आहे, इतका की मीही त्याला तसा कधी बघितला नव्हता. काशीबाई सांगत होती, ‘उभो रव म्हटला तर रवना. लपाक बघी. तितक्यात फोन वाजलो आणि गडी थंयच थांबलो.’ तेवढ्यात तिने बटण दाबलं. फोन ठेवल्यावर तो तिला म्हणाला, ‘सासूचो ताप उतारलो. रूपाली उद्या घरी येता.’ नीट बघ, कानाला फोन आहे. तू घरी येतेस, हे तुझ्या तोंडून ऐकताना तो असा दिसत होता.

तुझाच,
लिओनदादा