मामांनी घेतलेली शेवळांची परीक्षा

शहापूर, ता. ६ जून १९३८

चि. सौ. सरस्वतीस, राघोदादाचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

गुरुजी बदलून गेले, गावच्या शाळेला कुलूप लागले, इथवर समजले. पण म्हणून भिमी आणि वाल्मिकला चुलीपुढे बसवून भाकरीवर अपूर्णांक? तुझ्या वहिनीने कपाळाला हात लावला. उद्या कचेरीत कोणी पाव आणि पाव किती विचारले, तर वाल्मिक कालवण मागेल!

येत्या रविवारी गाडी जुंपून येतो. दोघांची परीक्षा घेईन. नापास झाली तर इथल्या शाळेत घालीन आणि माझ्याकडेच ठेवीन. रडारड चालणार नाही.

तुझा भाऊ,
राघो

आंबेवाडी, ता. मुरबाड, ९ जून

ती. राघोदादास, सरस्वतीचा शि. सा. न. वि. वि.

छडीने जे आले नाही ते नाचणीच्या पिठाने आले. पायलीचे शेर किती, शेराचे पावशेर किती, भिमी झोपेतही सांगते. वाल्मिक आंबील ढवळताना पाढे म्हणतो. पाढा अडला की हात थांबतो आणि आंबिलीत गुठळ्या होतात, म्हणून बिचारा चुकत नाही. तू सातवी पास, पण वहिनी माहेरी गेली तेव्हा चार दिवस कुरमुऱ्यांवर काढलेस, हे तिनेच कळवले.

थट्टा राहू दे. पोरे गेली तर मला घर खायला उठेल. परीक्षा घे, पण न्यायाने घे. भिमी तुला पहिल्या पावसात उगवणाऱ्या शेवळांची रानभाजी करून वाढणार आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
सरस्वती

तुझीच पडवी, १२ जून, दुपार

सरस्वतीस आशीर्वाद. तोंडाने देता येत नाहीत, म्हणून कागदावर. वाल्मिक टपाल पोचवील.

भाजी खाल्ल्यापासून घशात कुसळे भरली आहेत. जीभ तोंडात मावत नाही. पोरीला साधी शेवळे शिजवता येत नाहीत! दोघांची गाठोडी बांध. निकाल लागला.

राघो

चूल, त्याच दुपारी

ती. मामांस भिमीचा नमस्कार. आईला हसू आवरत नाही, म्हणून मी लिहिते.

शेवळे खाजरी. त्यांत काकडं नावाची आंबट फळे ठेचून घालतात, म्हणजे खाज जाते. मी मूठभर ठेचून ठेवली होती. तुम्ही बोललात, येवढा आंबट कोन खानार नाय. मग मी पाण्याला गेल्यावर तुम्ही सगळी काकडं म्हशीपुढे टाकलीत. वाटी रिकामी दिसली तेव्हा मला वाटले, आईने भाजीत घातली. वाल्मिकने पाहिले होते, पण त्याने सांगेपर्यंत तुमचे ताट चाटूनपुसून झाले होते. पाहुणे म्हणून तुम्हालाच आधी वाढले. म्हैस मजेत आहे.

आमसुलाचे पाणी पाठवते. गुळण्या करा.

भिमी

शहापूर, १६ जून

चि. सौ. सरस्वतीस अनेक आशीर्वाद.

घसा सुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कचेरीत सर्दी झाल्याचे सांगितले आहे. पोरे तुझ्याकडेच राहू देत, ती माझ्याहून शहाणी आहेत.

सरू, आता खरे सांगतो. शाळा हे निमित्त होते. आम्हा दोघांना मूल नाही. संध्याकाळी एखादे भांडे पडले तरी घरात कोणी आले असे वाटते. पोरे येणार म्हणून तुझ्या वहिनीने दोन लहान पाट करून घेतले होते. मी एकटाच परत आल्यापासून ती रोज ते पुसते. मला बघवत नाही.

दादा

आंबेवाडी, २१ जून

ती. दादास व वहिनीस सरस्वतीचा शि. सा. न. वि. वि.

वेड्या, हे आधी का नाही बोललास? पत्र वाचून मी आधी रडले, मग तुझ्यावर चिडले. पोरांनी मिळून निकाल लावला आहे, तो तसाच पाठवते. वाल्मिकने मामांना काठावर पास करा म्हणून रदबदली केली, पण भिमी ऐकेना. मामा सपशेल नापास. नापासाला पुन्हा त्याच वर्गात बसावे लागते. तरी लावणी उरकली की रजा काढून, वहिनीला घेऊन, महिनाभर आमच्या चुलीपुढच्या शाळेत हजर व्हावे. येताना बसायला पाट घेऊन यावे. लहान असले तरी चालतील, वर्गही पहिलाच आहे.

तुमची वाट पाहणारी,
सरू