बाबांचं 'बाय जोव्ह'

रवि. १४ ऑगस्ट १९८८

नळ साडेपाचला आला, सहाला गेला. आईची दोन्ही पिंपं अर्धी. बेबी (आमचं धाकटं रत्न, यंदा बारावी) झोपेतच म्हणाली, "अरे देवा, आज पण आंघोळ नाही." झालं. बाबांनी पेपरातून मान वर केली. "एक बादली." घरचा कायदा. देवाचं नाव तोंडातून गेलं की खालच्या हातपंपावरून एक बादली वर आणायची. पाहुण्यांनाही सूट नाही. मामा मागच्या मे महिन्यात तीन बादल्या आणून दमला आणि मुक्काम आटपून वांगणीला परत गेला.

बाबांची दीक्षा छप्पनची. देव सोडले ते जिभेवरूनही. "मनातून काढला नि जिभेवर ठेवला, तर परत पोटात जायला कितीसा वेळ?" असं त्यांचं म्हणणं. मग अंगठ्यावर हातोडी बसल्यावर माणसाने म्हणायचं काय? त्याची सोय त्यांनी फॅक्टरीच्या टूलरूममधून केली. तिथला जुना फोरमन हॅरिसन साहेब. तो गेला विलायतेला, त्याचे उद्गार राहिले अंबरनाथला, आमच्या दोन खोल्यांत.

मंगळ. १६ ऑगस्ट

शाळेत नववी ब ने छळलं. धड्यातला मुलगा 'गॉली' का म्हणतो? मी म्हटलं, आश्चर्य वाटलं म्हणून. "पण मिस, गॉली म्हणजे काय?" आश्चर्याला कसला आलाय अर्थ, कप्पाळ. बघून सांगते म्हटलं.

घरी येताना बसमध्ये बाबांचे शब्द आठवत बसले. प्रत्येकाची जागा ठरलेली. ग्रेट स्कॉट म्हणजे माप चुकलं. शिंप्याने बाही इंचभर आखूड केली, ग्रेट स्कॉट. माय हॅट म्हणजे विश्वास बसला नाही. शेजारचे कांबळेकाका म्हणाले, बघाच तुम्ही, उद्या तिकडे खरवईच्या माळावरसुद्धा लोक फ्लॅट घेतील. माय हॅट! (जन्मात हॅट घातलेली नाही.) लागलं, भाजलं तर ब्लायमी. क्राइकी फक्त जनावरांना, साप नाहीतर घूस. आणि बाय जोव्ह सगळ्यांच्या वर. ते उठसूट येत नाही. एखादी गोष्ट मनापासून नीट झालेली दिसली की थोडं थांबून, हलक्या आवाजात. मॅट्रिक पास झाले तेव्हा मला मिळालं होतं. पेढ्यापेक्षा तेच लक्षात आहे.

शनि. २७ ऑगस्ट

लिहू की नको.

मधल्या सुट्टीत रजिस्टरमध्ये सही करून लायब्ररीतली मोठी डिक्शनरी काढली, 'गॉली'साठी. गॉली म्हणजे गॉड. देवाचं नाव उघड घ्यायची भीती, म्हणून जरा वाकडं करून घेतलेलं. मग गॉश पाहिलं. तेच. ब्लायमी, म्हणजे देव मला आंधळा करो. क्राइकी, ख्रिस्त. हात थांबेनात. शेवटी जोव्ह. रोमन लोकांचा मुख्य देव. आकाशाचा, विजांचा.

म्हणजे आपला इंद्रच की!

माझ्या बरोबरीची मिस लालवानी शेजारी पापड खात होती. तिला सांगितलं तर पोट धरून हसली. "अरे सुषमा, तेरे बाबा तो बत्तीस साल से पूजा कर रहे हैं!" मीही हसले. नंतर तास घेताना हसू पार गेलं.

रवि. २८ ऑगस्ट

बाबा संध्याकाळी फिरायला म्हणून शिवमंदिराकडे घेऊन गेले. देवाला नव्हे, गवंड्याला बघायला. आत कधीच जात नाहीत, बाहेरच्या भिंतीभोवती फिरतात. दगडाला दगड कसा बसवलाय ते नखाने तपासतात. टूलरूममध्ये तीस वर्षं इन्स्पेक्शन केल्यावर माणूस असाच होतो. एका सांध्यात नख शिरेना. थांबले. हलकेच, "बाय जोव्ह."

शंकराच्या दारात, इंद्राच्या नावाने, आमचे बाबा. मी चपलेचा अंगठा नीट करत खाली बसले.

शुक्र. ९ सप्टेंबर

विहारात सध्या वर्षावासाचं (पावसाळ्याचे तीन महिने) धम्मग्रंथाचं वाचन चालू आहे, रोज संध्याकाळी. आज वाचनानंतर कमिटीचे लोक घरी आले. समारोपाला, २३ ऑक्टोबरला, बाबांनी बोलायचं. विषय त्यांचा त्यांनीच सांगितला: 'मी जीभ कशी स्वच्छ ठेवली.' बत्तीस वर्षांत देवाचं नाव तोंडी आलं नाही, मुलांनो, हे जमतं. सगळ्या वस्तीला माहीत आहे हे. मुलं तर त्यांचे शब्द म्हणून दाखवतात.

प्रमुख पाहुणे कल्याणच्या कॉलेजातले प्रोफेसर. विषय इंग्रजी.



सोम. १२ सप्टें.

आईला सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "त्यांना ठावं होतं का तो देव हाय म्हणून?" नाही. "मग कशाचा देव?" मी म्हटलं, आई, तो प्रोफेसर सगळ्यांसमोर हसेल. "हसूं दे. तू सांगशील तर ते घरात हसायचे बंद होतील. त्याचं काय?"

मग तिने एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं. बाबा अठराचे असताना फॅक्टरीत लागले. बरोबरचे काहीजण त्यांच्या हातचं पाणी घेत नसत. बाबांनी पहिलं गेज (माप तपासायचं साधन) बनवलं, कुणी हातात घेईना. साहेबाने घेतलं, भिंगातून बघितलं, आणि म्हणाला बाय जोव्ह. बाबांना वाटलं ही 'गुड'च्या वरची पदवी आहे. त्या दिवशी घरी चालत न येता धावत आले, असं माझी आजी सांगायची.

आता तर अजिबातच सांगवत नाही.

बुध. २१ सप्टें.

भाषण लिहिणं जोरात. मला वाचून दाखवतात. "मास्तरीणबाई, इथे ब्लायमी घालू की पुढे?" पोरांना हसवायला सगळे शब्द घालणार आहेत. बाय जोव्ह शेवटी. मी म्हटलं, बाबा, ते शब्द नका घालू ना. "का? मसाला नको?" मी म्हटलं, उगीच. स्वतःच्या भित्रेपणाचा राग येतो. शाळेत पोरींना सांगते, खरं बोला, घाबरू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

रवि. २ ऑक्टोबर

सांगितलं.

महिनाभर वाक्यं जुळवत होते, ती सगळी वाया. बाबा हँडड्रिलला तेल घालत होते. मी म्हटलं, "बाबा, जोव्ह हा देव आहे."

"कुणाचा?"

"रोमन लोकांचा. जुना. विजांचा. आपला इंद्र कसा, तसा."

"इंद्र." मग, "खात्री केलीस?" हो. "छापील?" हो. "मला दाखव."

परत तेल घालू लागले. एकाच भोकात तीन वेळा घातलं.

मंगळ. ४ ऑक्टो.

बाबा माझ्याबरोबर शाळेत. पांढरा शर्ट, खिशात भिंग. ऐकीव गोष्टीवर जॉब (घडवलेला भाग) पास करत नाहीत आणि नापासही करत नाहीत. लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये सही केली, डिक्शनरी पुढे ओढली, बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतःच पानं उलटून ब्लायमी काढला. मग गॉश.

मिस लालवानीने चहा मागवला. बिचारीला वाईट वाटलं. "अंकल, छोड़ो ना. सब बोलते हैं."

बाबा म्हणाले, "मॅडम, सब बोलते हैं इसीलिए तो हमने बोलना छोड़ा था."

चहा मात्र पूर्ण प्यायले. थँक्यू म्हणाले. येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते. वालधुनी नदीचा वास आला तरी नाकाला रुमाल लावला नाही.

बुध. ५ ऑक्टो.

बाबांनी कागदावर रेघा मारून इन्स्पेक्शन शीट केली. एका बाजूला शब्द, समोर शेरा. मी डिक्शनरीतून टिपून आणलेलं वाचायचं, त्यांनी शेरा मारायचा. बाय जोव्ह, रिजेक्ट. ब्लायमी, रिजेक्ट. क्राइकी, गॉश, गॉली, एकामागून एक रिजेक्ट. गुड हेवन्सवर थोडा वाद. मी म्हटलं, यात देव कुठेय, नुसता स्वर्ग आहे. "मालक नसला तरी घर त्याचंच." रिजेक्ट. माय हॅट पास, कारण टोपी ही टोपी असते. ग्रेट स्कॉटचं मूळ डिक्शनरीलाच नक्की माहीत नाही. कुणी सेनापती असावा म्हणतात, कुणी म्हणतात देवच. त्यावर होल्ड.

बेबी म्हणाली, "बाबा, बापरे म्हणा ना. आपलंच आहे." बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "त्यात मजा नाय गं."

गुरु. १३ ऑक्टो.

कपाटाची बिजागरी बसवताना हातोडी बाबांच्या अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं. तोंडातून शब्द नाही. दात आवळून उभे. आई आतून धावत आली, "ठोकल्याचा आवाज आला, तुमचा का नाय आला?"

गेले आठ-दहा दिवस घर कसं झालंय. चहा चांगला झाला तर बाबा म्हणतात, चांगला झालाय. सून नसलेल्या घरात सासऱ्यासारखं बोलतात. मी मोरीत जाऊन रडून घेतलं. नववी ब ला काय करायचा होता गॉलीचा अर्थ? आणि मला?

शुक्र. २१ ऑक्टो.

बाबांनी भाषण फाडलं. नवीन लिहितात का विचारलं तर म्हणाले, "आता लिहिण्यासारखं काय राहिलं. उभा राहीन, बोलेन." कमिटीला नाही म्हणून कळवू का? "नाव छापलंय पत्रिकेवर." आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

रवि. २३ ऑक्टो.

कार्यक्रम झाला. जमेल तेवढं लिहिते.

विहार भरलेला. पुढे मुलं, कांबळेकाका पहिल्या रांगेत, प्रोफेसर खुर्चीवर. बाबा उठले. अंगठ्याला पट्टी. म्हणाले, "जीभ कशी स्वच्छ ठेवली हे सांगणार होतो. पण ती ठेवली नव्हती, हे मला ह्या महिन्यात कळलं." आणि सगळं सांगितलं. साहेब, गेज, डिक्शनरी, इंद्र. एक अक्षर झाकलं नाही. मुलं खो खो हसली. कांबळेकाका तर बाजूच्या माणसाच्या मांडीवर थापा मारत होते. मी मान खाली घातली. वर पाहिलं तर बाबाही हसत होते. मग म्हणाले, "मी सातवी शिकलो. माझ्या मुलीने मोठं पुस्तक उघडून माझी चूक काढली. माझ्या बापाची चूक काढायला त्याच्या घरात कुणाला अक्षर येत नव्हतं. तेव्हा हसा, पण हिच्यासारखं शिका."

मला बोट दाखवून. सगळे वळून बघायला लागले.

प्रोफेसर भला माणूस. ते नंतर बोलताना म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, खुद्द इंग्रज माणसालाही जोव्ह कोण ते आठवत नाही, नुसता शब्द उरलाय. बाबा जागेवरून म्हणाले, "त्यांना आठवलं नाही तर चालेल, सर. त्यांनी कुठे दीक्षा घेतलीय."

केवढ्या टाळ्या पडल्या. आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्या हातात खिरीचा द्रोण दिला. बोलायला लागली एकदाची.

रवि. ३० ऑक्टो.

मला वाटलं होतं, संपलं. कौतुक झालं, लोक येऊन जातात, बाबा पूर्वीसारखे गप्पा मारतात. माय हॅट दोनदा ऐकू आलं. जरा घासून घासून, पण आलं.

आज दुपारी बाहेरच्या कठड्यावर आम्ही दोघंच. बाबा म्हणाले, "त्या रजिस्टरमध्ये मी सही केली ना, वर तुझी सही होती. सत्तावीस ऑगस्ट."

मी कठड्याचा पोपडा नखाने काढू लागले.

"म्हणजे पाच आठवडे तुला माहीत होतं."

हो म्हटलं. खोटा जॉब माहीत असून पुढे सोडणं, याला टूलरूममध्ये माफी नव्हती. लहानपणापासून ऐकलंय. वाटलं, आता ओरडतील.

"किती वेळा म्हणालो मी, त्या पाच आठवड्यांत?"

"चार." मी मोजले होते. मंदिराच्या भिंतीला एकदा. बेबीच्या चाचणीच्या मार्कांना. आईच्या अळूवड्यांना. आणि शिक्षकदिनाला मी निळी साडी नेसून शाळेत निघाले तेव्हा, दाराशी.

"आणि ऐकून घेतलंस चारही वेळा."

"हो."

"का गं?"

मी म्हटलं, "मला पाचव्यांदा ऐकायचं होतं, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. मी वाट पाहिली. खाली कुणीतरी हातपंप मारत होतं, त्याचा आवाज थांबला, तरी आम्ही तसेच बसलो होतो. मग आईने चहाला हाक मारली आणि बाबा उठून आत गेले.