शाळा सोडल्याचे कारण

ती. शरयूताईस,

बुलढाण्याहून वैजनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. जमिनीवरचा गुडघ्याच्या डॉक्टरांनी बंद केला आहे.) डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुला आता लख्ख दिसतं आणि सुनेने कोपऱ्यात सोडलेला केरही दिसतो, असं तुझी नात स्वरदा फोनवर सांगत होती. भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही ठीक. हातात फोन असताना पत्र काऊन, असं तुला वाटेल. कारण आहे, पण ते सरळ सांगता आलं असतं तर फोनच केला असता. तेव्हा जरा दम धर. नांदुऱ्याला यायला मोताळ्याचा सरळ रस्ता असताना मी चिखलीकडून वळसा घालून येतो आहे, असं समज.

तर मी, तुझा धाकटा भाऊ, वय सत्तावन्न, निवृत्तीला अकरा महिने, पुन्हा विद्यार्थी झालो आहे. आमच्या कॉलेजात विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम आला. नाव 'प्रगत डेटाबेस-आधारित वेब ॲप्लिकेशन विकास'. (नोटीस बोर्डावर नुसतं नाव लिहायला मला दोन ओळी लागल्या.) वीस प्रवेश झाले तरच वर्ग चालणार होता आणि झाले होते एकोणीस. प्राचार्य ऑफिसात आले, माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या कपाटाकडे पाहिलं, आणि कपाटाला प्रवेश देता येत नाही म्हणून मला दिला. घरी जयमालेने कपाळाला हात लावला. "पोरं नोकरीले लागली अन् बाप दप्तर घेऊन चालला. लोकाईले काय सांगू मी?" तिला म्हटलं, लोकांना सांग, आधीच्या वेळेस कच्चा राह्यला होता.

शिकवायला गार्गी मॅडम. वय सव्वीस. तिच्या टीसीवर मीच शिक्का मारला होता, आता ती माझ्या वहीवर मारते. ती मला काका म्हणते, मी तिला मॅडम म्हणतो, आणि दोघंही एकमेकांना थोडे घाबरतो. पहिले तीन आठवडे मला काही उमजलं नाही. मग हळूहळू ध्यानात आलं की डेटाबेस म्हणजे आपलं रजिस्टर, फक्त त्याला वाळवी लागत नाही. आणि वेब ॲप्लिकेशन म्हणजे त्या रजिस्टरला लावलेली खिडकी. कोणीही, कुठूनही डोकावून आपली नोंद पाहावी, आणि खिडकीमागचा बाबू चहाला गेलेला नसावा. चौतीस वर्षं मी हेच केलं गं (चहा धरून). वर्गातली पोरं पडद्याकडे पाहून घाबरायची तिथे मी रकाने आखायला लागलो. मॅडम म्हणाल्या, काका, तुमचे तक्ते सगळ्यात चांगले आहेत. फार दिवसांनी कोणी मला चांगलं म्हटलं. मी त्या दिवशी पायीच घरी गेलो.

प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. कुशल नावाच्या पोराने गाड्या धुण्याच्या नंबराचं काहीतरी घेतलं. मी आपली सोनाळ्याची शाळा घेतली. यंदा जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी दाखल-खारीज रजिस्टरांचे आणि निकालपत्रकांचे फोटो पाठवले. सगळी रजिस्टरं आप्पांच्या हातची. हेडमास्तर असूनही लेखनिकाला हात लावू देत नसत. चारशे बारा विद्यार्थी मी एका बोटाने भरले.

इथे मी माझ्या स्वभावाला जागलो. चौतीस वर्षांत एक रकाना रिकामा असलेला अर्ज मी कधी घेतला नाही. माणूस सिंदखेडराजाहून आलेला असो की लोणारहून, परत पाठवला. तोच नियम इथे लावला. प्रत्येक रकाना सक्तीचा. एक जरी राहिला तरी पडद्यावर लाल अक्षरांत येतं, 'अर्ज अपूर्ण आहे. पूर्ण भरून पुन्हा सादर करावा.' आणि 'शाळा सोडल्याचे कारण' यासाठी मी पाच कारणांची यादी केली, त्यातलं एक निवडायचं. पुढील शिक्षण, विवाह, आजार, अभ्यासात गती नाही, मृत्यू. मला वाटलं, माणसाला याहून जास्त काय होतं.

मग मॅडमनी दोन तक्ते जोडायला शिकवलं. एका रजिस्टरातला माणूस दुसऱ्या रजिस्टरात शोधून दोन्ही नोंदी एका ओळीत आणायच्या. मी हौसेने वर्गासमोर करून दाखवलं. 'अभ्यासात गती नाही' म्हणून शाळा सोडलेली मुलं घेतली आणि त्यांच्यापुढे शेवटच्या परीक्षेतला नंबर मांडला. भिंतीवर यादी आली. सगळ्यात वर, कु. शरयू वामनराव, इयत्ता सातवी, वर्गात पहिली. अभ्यासात गती नाही.

कुशल म्हणाला, "काका, तुमचा प्रोग्राम गंडला. पहिली आली अन् गती नाही, असं काऊन?" वर्ग हसला. मीही हसलो. मॅडमनी अर्धा तास ओळ न ओळ तपासली आणि सांगितलं, प्रोग्राम बरोबर आहे काका, माहिती भरताना चूक झाली असेल, मूळ रजिस्टर पाहा. पाहिलं. माझी चूक नव्हती. आप्पांचं वळणदार अक्षर, निळी शाई, खाली त्यांचीच सही. (यादीत तुझ्याखाली आणखी एकोणीस जणी होत्या. मुलगा एकच, आणि तो खरोखरच ढ होता, माझ्या शेजारी बसायचा.)

ताई, खरं कारण मला माहीत आहे. तुला नाही. आपल्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग. आठवीसाठी तुला एस.टी.ने पाठवायचं आप्पांनी ठरवलं होतं, पासचा अर्जही आणला होता. मी तिसरीत. तू गेलीस तर माझी गणितं कोण सोडवेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एक दिवस जेवताना मी आप्पांना सांगितलं की स्टँडवरची पोरं ताईला नावाने हाका मारतात. तू विहिरीवर गेली होतीस. कोणीही हाका मारत नव्हतं. आप्पांनी जेवण पूर्ण केलं, हात धुतले. पासचा अर्ज मग मला रफ कामाला मिळाला आणि त्याच्या पाठीवर मी विमान काढलं.

तू विचारलंस, काऊन नाही जायचं? आप्पा म्हणाले, "नाही म्हटलं ना." तू दोन दिवस जेवली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी माझी गणितं सोडवून दिलीस. सतराव्या वर्षी तुझं लग्न झालं. मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि लोकांचे अर्ज अपूर्ण म्हणून परत करत राहिलो. आप्पांना पोरीचं कारण पोरांच्या नावाने लिहवेना, म्हणून त्यांनी तुझ्या बुद्धीच्या नावाने लिहिलं. त्यांचा मला राग येतो, पण त्यांना ते लिहायला मी लावलं. मला लाज वाटते ताई. इतकी वर्षं दर भाऊबीजेला तू ओवाळत होतीस आणि मी ताटाकडे पाहत होतो, ते त्यामुळे.

चारशे अकरा ओळी पूर्ण आहेत. तुझ्या ओळीतलं कारण मी पुसलं, पण पाचांपैकी दुसरं एकही निवडता येईना, आणि कारण नाही म्हटलं की माझंच लाल वाक्य मला बजावतं. सोमवारी परीक्षा आहे.

सर्वांना यथायोग्य. तुला काय लिहून थांबू, ते कळत नाही.

तुझा धाकटा,
वैजनाथ

ता. क. भाऊजींना पहिलं पानच वाचून दाखव. तिथपर्यंत मी बरा माणूस आहे.

ता. क. २. मॅडम म्हणाल्या, सक्ती काढायला एक शब्द खोडावा लागतो. मी खोडला नाही. दुसऱ्या कोणाचा रिकामा रकाना मी कधी चालवून घेतला नाही, मग माझा कसा घेऊ? यादी मात्र काढून टाकली. आता तिथे आपल्या मनाने लिहायची मोकळी जागा आहे.

ता. क. ३. आता कामाचं. स्वरदाच्या मोबाइलवर लिंक येईल. उघडली की फक्त तुझी ओळ दिसेल. तिच्यात लिहिण्याचा अधिकार तुझा एकटीचा ठेवला आहे, माझा काढून घेतला. स्वरदाकडून लिहून घेऊ नकोस, तुझं तू लिही. भावाने खोटं सांगितलं, असं लिहिलंस तर माझं नाव पूर्ण घाल. काहीच लिहिलं नाहीस तर मी नापास होईन, आणि ते बरोबर होईल. सोमवारची घाई करू नकोस, परीक्षा पुढच्या वर्षीही असते. मॅडमनी सांगितलं होतं की कारणाच्या रकान्याला दोनशे अक्षरं पुष्कळ होतात. तुझ्या ओळीला मी मर्यादा ठेवलेली नाही.