तुमच्याकडे गेलेलं जुनं कार्ड

आदरणीय मेहुणेबुवांस दोन्ही हात जोडून नमस्कार.

(तुम्ही वयानं माझ्याहून बरेच लहान. पण बायकोच्या भावाला मान द्यावाच लागतो, आणि तुमची ताई गेली म्हणून तो कमी करावा असं मला वाटत नाही. उगाच तिला वर बसून बोलायला निमित्त नको.)

तुम्ही सगळे सुखरूप असाल अशी आशा आहे. खात्री नाही, कारण तुमच्या फोटो स्टुडिओचा तो लाकडी जिना मी पाहिला आहे. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? गेला नसेल तर डॉक्टर बदला, आणि गेला असेल तरी एकदा दाखवून घ्या, असा गेलेला खोकला दबा धरून बसतो. माझं म्हणाल तर रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी सगळं ठीक, फक्त दुपारची झोप साफ गेली आहे. तिच्याबद्दलच हे पत्र. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर बोलताना मुलगी शेजारीच असते आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. पत्र वाचून झालं की फाडून टाका. (वहिनींना दाखवलंत तरी चालेल, नाहीतर त्या तुकडे जुळवत बसतील.)

मुलीचं काम तुम्हाला ठाऊक आहे. जी घरं अजून बांधलीच नाहीत त्यांची ती कॉम्प्युटरवर चित्रं काढते. कुठल्या खिडकीतून ऊन कसं येईल, भिंतीवर झाडाची सावली कशी पडेल, सगळं आधीच दिसतं. (आमच्या घरात नळाला पाणी कधी येईल ते मात्र त्यात दिसत नाही.) हे सगळं रंगवायचं काम म्हणे आतलं ग्राफिक्स कार्ड करतं. ते काम करताना तापतं, म्हणून त्याच्या अंगावरच पंखे बसवलेले असतात. हा सगळा संसार माझ्या खोलीत आहे, कारण इस्त्रीसाठी बसवलेला जाड पिनांचा प्लग याच खोलीत आहे. माझ्या उशीपासून त्या पेटीपर्यंत मध्ये जेमतेम एक हात अंतर.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. सगळी नोकरी मी सात मजली कचेरीत लिफ्ट चालवण्यात घालवली. लिफ्ट रिकामी असली की मोटर गुणगुणते, माणसं कोंबली की कण्हते, आणि कण्हणं वाढलं की मी कान टवकारतो. ती सवय अजून आहे. (तुमची ताई कधी डबा द्यायला यायची तर जिन्यानं चढून यायची. म्हणायची, लिफ्टवर माझा भरवसा आहे, चालवणाऱ्यावर नाही.) तर हे जुनं कार्ड मुलीनं जड चित्र दिलं की असं काही कण्हायचं की मी उठून बसायचो. आवाज किती हे मी रेडिओवरून मोजायचो. बातम्या ऐकू येण्यासाठी बटण कुठवर फिरवावं लागतं, तितका आवाज. उष्णता रुमालावरून. ओला रुमाल पेटीच्या मागे धरला की माझा चहा निवायच्या आत खडखडीत वाळायचा. आणि वीज किती ओढतं ते बाहेरच्या मीटरवरून. त्यातला लाल दिवा एरवी निवांत मिचकतो, तो डोळ्यात कुसळ गेल्यासारखा फडफडायला लागायचा. मी येऊन मुलीला सांगायचो, अगं, तुझ्या त्या घराला अजून पाया नाही आणि आपल्या घराला आग लागेल. ती म्हणायची, "बाबा, काही होत नाही." दोन महिने मी रोज हेच म्हटलं, दोन महिने ती हेच म्हणाली. घर म्हटलं की असं काहीतरी बोलणं लागतंच.

आता मुद्द्यावर येतो. तुमची ताई घोरायची.

हे तुम्हाला मी सांगायला नको. लहानपणी एका खोलीत झोपून तुम्ही कानात कापूस घालायचात. लग्नात मांडवातून निघताना तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "आम्ही सुटलो, आता तुम्ही सांभाळा. हा माल परत घेतला जाणार नाही." मला वाटलं होतं, हा पोरगा चेष्टा करतोय. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून आम्ही दोघं आडवे व्हायचो तेव्हा कळलं. आधी लांब कुठेतरी कुणीतरी ट्रंक ओढतंय असा आवाज, मग तो जवळ येणार, चढत चढत छताला लागणार, आणि एकदम बंद. श्वाससुद्धा नाही. मी डोळे टक्क उघडून वाट बघायचो. मग एक बारीकसं फुर्र, आणि पुन्हा ट्रंक. मी थोपटून म्हणायचो, "अगं, कुशीवर वळ." ती झोपेतच म्हणायची, "मी जागीच आहे." जन्मभर मी त्या घोरण्यावर चिडत आलो, आणि जन्मभर त्याच्या पाठीवर मला झोप लागत आली. हे दुसरं मला ती गेल्यावर कळलं.

तर ते जुनं कार्ड अगदी तसंच होतं. चित्र सुरू झालं की ट्रंक. मग चढणार. चित्र पूर्ण झालं की पंखे एकदम थांबणार, मी टक्क. मग थोडी धग निवायला म्हणून एक फुर्र. पहिले काही दिवस मला कळलंच नाही की मला इतकी गाढ झोप कशानं लागते आहे. एका दुपारी कळलं. म्हणजे मला नाही, मुलीला. मी झोपेतच हात लांब करून पेटी थोपटली आणि म्हणालो, "अगं, कुशीवर वळ." जाग आली तर मुलगी चहाचा कप घेऊन उभी. डोळे लाल. (दिवसभर पडद्याकडे बघितलं की होतात.) "बाबा, चहा," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात म्हणाली, "हे कार्ड बदलायचं. तुम्हाला त्रास होतो."

मी म्हटलं, "मी कुठे काय म्हणालो?"

"दोन महिने दुसरं काय म्हणताय? आणि मलाही तो आवाज ऐकवत नाही आता."

आता स्वतःच इतके दिवस लावलेला धोशा मी कुठल्या तोंडानं मागे घेणार?

दुकानदार एक कार्ड दाखवायला घेऊन आला. तीन पंखे, शिवाय रंग बदलणारे दिवे. म्हणाला, "काका, आवाज वाचनालयाइतका." मी वाचनालयात कधी झोपलो नाही, त्यामुळे मला अंदाज येईना. पंखे खरंच शांत, पण काम वाढलं की आतून बारीक शिट्टी. मी म्हटलं, डास आहे. तो म्हणाला, "डास नाही काका, आतलं तारेचं वेटोळं आहे, कॉइल." म्हटलं, ज्याला चावतोय त्याला नाव काय करायचंय? ते परत गेलं. मग आताचं आलं. विटेएवढं जाड, वजनानं खाली झुकतं, म्हणून त्याच्याबरोबर एक टेकू देतात. (मला वाटलं खुंटी आहे. मी भिंतीवर ठोकून तिला टोपी अडकवली. मुलीनं तो टेकू तीन दिवस शोधला.)

खोटं बोलणार नाही, मेहुणेबुवा. तिन्ही बाबतींत हे कार्ड सरस आहे. रेडिओ अगदी बारीक ठेवला तरी बातम्या कळतात. रुमाल संध्याकाळपर्यंत ओलाच. मीटरचा दिवा पेन्शन घेतल्यासारखा मिचकतो, आणि चित्रंही लवकर होतात म्हणे. बोट ठेवायला जागा नाही. आणि मी दुपारभर उताणा पडून छताकडे बघतो. मध्येच उठून पेटीला हात लावतो. मुलगी म्हणते, "चालू आहे, बाबा. आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे." आता तिला कसं सांगू? लिफ्टचा आवाज आला नाही म्हणजे कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असायचा. तुमच्या ताईचा आवाज आला नाही म्हणजे माझं काहीतरी चुकलेलं असायचं. आवाज येत नाही म्हणजे ठीक, असा दिवस मी पाहिलेलाच नाही.

आणि नेमके त्याच सुमाराला तुम्ही भेटायला आलात, आणि "आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला चालेल" म्हणून जुनं कार्ड टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलात. मीच पिशवी दिली. माल परत घेणार नाही म्हणाला होतात, बघा, घेतलात.

असो. कार्ड तुम्हाला लाभलं आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पोरांना अनेक आशीर्वाद. जिन्याला कठडा लावून घ्या.

तुमच्या ताईचा नवरा (पद अजून तेच आहे)

ता. क. कार्ड परत मागत नाही. मुलीनं माझ्यासाठी हौसेनं नवं घेतलं आहे, जुनं परत आलं तर तिला काय वाटेल? फक्त एक करा. दुपारी जेवणं झाली की मला फोन लावा आणि तो बोलत न बसता कॉम्प्युटरच्या पेटीवर ठेवून द्या. तेव्हा एखादं मोठं काम लावा. लग्नाचे फोटो असतील तर उत्तम. मुलीनं विचारलं तर तुमच्या गुडघ्याविषयी बोलत होतो म्हणेन.

ता. क. दुसरा. मुलगी आत्ता येऊन गेली. मी पाकीट उशीखाली सरकवलं, कागद मात्र उघडाच राहिला. ती म्हणाली, "मामांना लिहिताय ना? त्यांना म्हणावं, दुपारी फोन केलात तर स्पीकरवर टाका, मलाही ऐकायचंय." काय ऐकायचंय ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुमचा गुडघाच असणार.

ता. क. तिसरा. आवाज मध्येच एकदम थांबला तर घाबरून फोन बंद करू नका. थोडं थांबायचं. फुर्र होतं. नाहीच झालं, तर पेटीवर हलकेच थोपटा आणि कुशीवर वळ म्हणा. मी म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नाही. तुमचं ऐकायची.