पहिल्या पोत्यातलं कुटार

प्रिय निता,

फोनवर तुझं अर्धं बोलणं रेंज खाते आणि उरलेलं तू स्वतःच गिळतेस, म्हणून हे पत्र.

रविवारी म्हणालीस, "बाबा, सगळं ठीक आहे." बाई, जऊळक्याच्या स्टेशनाजवळ तीस वर्षं जळक्या मोटारींचं वायंडिंग करतो मी. मोटार उघडायच्या आधी नुसता कान लावून सांगतो, काय गेलं ते. तुझ्या 'ठीक'मध्ये मला घासलेलं बेअरिंग ऐकू आलं. तुझी आईही म्हणाली, "पोरगी हासून राह्यली, पण पोटातून नाही हासत." खोदून विचारलं तेव्हा सांगितलंस, की पुढच्या महिन्यात मोठ्या शास्त्रज्ञांपुढे काम मांडायचं होतं आणि तू सरांना नाही म्हणून कळवणार आहेस. एवढंच नाही, काम कायमचं सोडणार आहेस.

मागच्या दिवाळीत वर्कशॉपच्या बाकड्यावर बसून तू समजावत होतीस. सोयाबीन काढल्यावर उरतं ते कुटार. आपण ढोरांना घालतो, नाहीतर पेटवून देतो. तू ते बंद भट्टीत भाजून त्याचा काळा पातळ पापुद्रा करतेस आणि भयंकर थंडीत ठेवतेस. तिथे त्यातले इलेक्ट्रॉन एकेकटे धक्के खात जात नाहीत, सगळे एका पावलात चालतात. "होळीच्या लेंगी नाचासारखे, बाबा, अख्खा घेर एका ठेक्यावर." स्टार्टर दुरुस्तीला घेऊन आलेला तांड्यावरचा उदयसिंग म्हणाला, "म्हंजे कुटारात नाचणारे हायेत? मंग आमची ढोरं काहून नाचत नाहीत?" तू पोट धरून हसलीस. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मग गंभीर होऊन म्हणालीस, की आज इलेक्ट्रॉन असे एका पावलात चालवायला जे धातू लागतात, त्यांच्यासाठी डोंगर पोखरतात. शेतातल्या उरल्यासुरल्यानं भागलं तर डोंगर वाचतील. मी सातवी पास माणूस, पण हे मला लगेच पटलं.

मी पाठवलेल्या कुटाराच्या पहिल्या पोत्याने ते करून दाखवलं. नंतर मी आणखी चार पोती पाठवली. तीच भट्टी, तीच थंडी, पण पाऊल जुळेना. आता तू म्हणतेस, माझाच हात चुकला असेल, पाहायचं होतं तेच मला दिसलं असेल.

हे वाक्य मी आधी ऐकलंय, माझ्याच तोंडून. दुकान टाकलं त्या वर्षी रिठदच्या सोमलाकाकाची मोटार आली. वेढे मोजून भरले. इथे चालवली तर पाण्यासारखी चालली. त्याच्या विहिरीवर नेली, जळाली. पुन्हा भरली, पुन्हा जळाली. मी तुझ्या आईला म्हणालो, हे काम आपल्या हाताचं नाही, भंगाराचाच धंदा बरा. ती म्हणाली, "हाताले कायले शिव्या देता? विहीर पाहून या आधी." गेलो. फ्यूज सारखा उडतो म्हणून काकाने त्यात जाडजूड तार पिळून घातली होती आणि लाजेपायी सांगितलं नव्हतं. मी महिनाभर माझाच हात कोसत होतो.

बाई, आज तुझा सोमलाकाका मी आहे. पहिल्या पोत्याच्या वेळी तू तीनदा बजावलं होतंस, की फक्त उन्हात वाळवा, कशाला लागू देऊ नका. मी हो म्हणालो. पण त्या आठवड्यात पावसाने गंजी भिजली आणि तू दिलेली पोतं पोचवायची तारीख जवळ आली. मी ते कुटार वर्कशॉपच्या फरशीवर पसरलं, पंख्याखाली वाळवलं आणि झाडूने गोळा करून भरलं. त्या फरशीवर काय नसतं? लोखंडाचा कीस, तांब्याची भुकटी, वार्निशची धूळ. पुढची चार पोती मात्र खरंच गच्चीवर, उन्हात. घाण होती त्याच पोत्याचं तू कौतुक केलंस, म्हणून गप्प राहणं सोपं गेलं. रविवारी तुझा आवाज ऐकला आणि कळलं, की ही तार माझी आहे. या पत्रासोबत खोकं पाठवतोय. त्यात त्याच फरशीवरचं लोखंड, तांबं आणि वार्निश वेगवेगळ्या बरण्यांत आहे, चिठ्ठ्या तुझ्या आईच्या हातच्या. आणि उन्हात वाळवलेलं स्वच्छ कुटार. एकेक घालून बघ, कोणाने पाऊल जुळवलं ते सापडेल. नाही सापडलं तरी सभेला जा, पाचही पोती मांड आणि बापाचा झाडूही मांड, नाव घेऊन. काम सोडायचं नाही. तुझा हात चुकला नव्हता.

खोकं मिळालं की फोन कर. 'ठीक आहे' म्हणू नकोस. नुसतं हॅलो म्हण, बाकीचं मी ऐकून घेतो.

तुझाच,
जऊळक्याचा खोटारडा बाप,
दौलतसिंग