सात नंबर हजर

तीर्थरूप (अबोला धरला असलास तरी तीर्थरूपच) ताईस, धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. कमरेत उसण भरल्यामुळे नमस्कार मनातल्या मनात घातला आहे, पण पुरता घातला आहे. तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचा खोकला उतरला असेल, सूनबाई तुला रोज कोमट पाण्यात हात शेकायला लावत असेल, असं मी धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. सहा दिवसांत अकरा वेळा फोन केला. आधी वाटलं, इथली रेंज वाईट. मग एकदा सूनबाईने चुकून उचलला आणि मागून तुझा खणखणीत आवाज आला, "मी झोपलेय म्हणून सांग." सकाळी दहाला. म्हणून हे पत्र. टपालात टाकलं तर ते माझ्यामागून घरी पोचेल, तेव्हा पानांचे फोटो काढून सूनबाईच्या फोनवर पाठवते. बोटांनी अक्षर मोठं करून वाच.

आधीच सांगते, हे पत्र समेटाचं नाही. नुसती खुशाली. निघायच्या आठ दिवस आधी, तुझीही बॅग भरून झाल्यावर, तू नाव काढून घेतलंस. हात कापतात, विणता येत नाही, विणणाऱ्या बायकांबरोबर जाऊन मी काय नुसती बघत बसू, असं म्हणालीस. मी म्हटलं, ये तशीच. तू नाही म्हणालीस. मी पुन्हा म्हटलं. मग माझं डोकं फिरलं आणि मी एक वाक्य बोलले. (मग सुया तरी कुणाला देऊन टाक, हे ते वाक्य. तुला आठवत असेलच. मला बसमध्ये, लिफ्टमध्ये, दात घासताना आठवतं.) असो. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

प्रवास सुखाचा झाला, म्हणजे ज्यांना झोप लागली त्यांचा. विमानतळावर आपल्या विणकाम मंडळाने आधीच शोभा करून घेतली. सुया सामानात टाकायच्या की हातात ठेवायच्या यावर महिनाभर खल झाला होता, शेवटी प्रत्येकीने आपल्यापुरती शक्कल लढवली, आणि ती तेराही जणींची एकच निघाली. तेरा अंबाडे, प्रत्येकात दोन लाकडी सुया. (हेडबाईंचे केस मानेपर्यंतच, त्यांनी गंगावन लावलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका, पण तपासणीवाल्या बाईंनी ते हातात काढून घेतलं तेव्हा त्यांनीच वर्गातल्यासारखा हात वर केला.) सुया शेवटी सगळ्यांच्या सोडल्या. लाकडाच्या आहेत हे आणि आमची वयं बघून त्यांनी काही विचारलं नाही.

माझ्या खोलीत तुझ्या जागी नर्सबाई आल्या आहेत. माणूस सोन्यासारखं, पण तीस वर्षं वॉर्डात काढलेली. पहाटे पाचला उठतात आणि सवयीने माझी नाडी बघतात. पहिल्या दिवशी मी दचकून जागी झाले तर म्हणाल्या, "नाडी फार पळतेय हो तुमची." पळणारच. ताई, मला इथे एक घटकाभर स्वस्थ बसवत नाही. खोलीची खिडकी उघडत नाही, नुसती वाकते. मी खाली जाऊन दाराशी उभी राहते, मग वर येते, बॅग उघडते, बंद करते. समोरच्या इमारतीत एक शिंपी खिडकीत बसून पडदे शिवतो, त्याचा हात कसा चालतो ते पाहत राहते, मग ते पाहणंही नको होतं. बसमध्ये शेजारची तुझी जागा रिकामी आहे. मी तिथे पर्स ठेवते, पुन्हा उचलते, पुन्हा ठेवते. पायाला भिंगरी लागावी तसं झालंय, आणि जायचं मात्र कुठेच नाही. हे पत्रसुद्धा मी चार जागी बसून लिहिलंय, शाई बदलेल तिथे जागा बदलली असं समज.

स्थळदर्शनाचं म्हणशील तर आमच्या छत्रीवाल्याची मला दया येते. छत्रीवाला म्हणजे आमचा टूर मॅनेजर. ऊन असो पाऊस असो, मिटलेली लाल छत्री वर धरून पुढे चालतो. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला एका जगप्रसिद्ध मनोऱ्यासमोर नेलं, अर्धा तास इतिहास सांगितला, आणि मागे वळून पाहतो तर तेराच्या तेरा जणी मनोऱ्याकडे पाठ करून एका फुगेवाल्याच्या स्वेटरभोवती गोळा झालेल्या. त्या बिचाऱ्याला नर्सबाईंनी खांदे धरून फिरवला, कारण पाठीमागे विणीतल्या वेण्या कशा फिरवल्यात ते दिसत नव्हतं. जेवणाच्या ठिकाणी वाढपी जरा वाकला की कुणीतरी त्याच्या बाहीची कड उलटून बघते. छत्रीवाला म्हणाला, वीस वर्षांत मी माणसं हरवलेली पाहिली, पासपोर्ट हरवलेले पाहिले, पण अख्खा मनोरा हरवलेला पहिल्यांदाच पाहतोय.

आता मुख्य प्रकार ऐक. बसमध्ये बसलं की तो आमचे नंबर म्हणवून घेतो. एक ते तेरा, तुझा आठ मधून गाळलेला नाही, पुढच्या बाईला दिलाय. प्रत्येकीने आपापला नंबर मोठ्याने म्हणायचा. आता तूच सांग, विणणाऱ्या बाईला नंबर म्हणायला सांगायचं म्हणजे काय? तिच्या तोंडात आधीच आकडे. पहिल्या दिवशी एक, दोन, तीन झालं, आणि चार नंबरच्या नर्सबाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या, "सत्तेचाळीस." छत्रीवाल्याने पुन्हा सुरू केलं. या खेपेला त्या म्हणाल्या, "एकावन्न." त्याने कपाळावर हात मारला. हेडबाईंनी त्याला समजावलं की ओळ चालू असताना मधेच बोलावलं तर टाके चुकतात, तुम्ही ओळ संपायची वाट बघत जा. तेरा जणींच्या तेरा ओळी. एका सकाळी बस चाळीस मिनिटं जागची हलली नाही.

परवा आम्ही जुन्या कपड्यांचं संग्रहालय बघायला गेलो. बाकीच्या टोप्यांच्या दालनात गेल्या. मी गेले ते स्वेटरच्या, एकटी, आणि का गेले ते तुला सांगायला हवं. उद्या दुपारी चारला इथल्या विणकाम मंडळाच्या हॉलमध्ये आपला कार्यक्रम आहे. त्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून विणलेला स्वेटर भेट द्यायचाय. पाठ झाली, पोट झालं, बाह्या झाल्या. गळा तेवढा ठेवलाय, तो मंचावर, सर्वांसमोर विणायचा, आणि तो हेडबाईंनी मला दिलाय. "गळा तुमचाच," म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (तू आणि मी सोडून कुणाला ठाऊक आहे, की बत्तीस वर्षांत मी एकही गळा विणलेला नाही? तुला बाह्यांचा कंटाळा, मला गळ्याची भीती. तुझ्या बाह्या मी करायच्या, माझे गळे तू. लोक म्हणायचे, दोघी बहिणींचे हात अगदी सारखे. झाकली मूठ सव्वा लाखाची.)

तर मी त्या दालनात काचेला नाक लावून एका जुन्या स्वेटरचा गळा शिकत होते. टाके कुठून उचललेत, कोपरा कसा वळवलाय, किती कमी केलेत. शिकत होते म्हणजे बघत होते, कळत काही नव्हतं. तेवढ्यात खाली बसमध्ये नंबर झाले. सहा नंबर म्हणाली सहा. मग माझा सात यायला हवा. मी नाही. पण मागच्या सीटवर हेडबाईंनी नवी ओळ घेतली होती आणि त्या स्वतःशीच टाके मोजत होत्या. पाच, सहा मनात, आणि सात जरा मोठ्याने. छत्रीवाल्याला सात मिळाला. आठ, नऊ, दहा बरोबर आले. त्याला इतका आनंद झाला म्हणे, की त्याने चालकाच्या पाठीवर थाप मारली आणि बस सुटली. ओळ संपायची वाट न बघता निघालेली ती पहिलीच बस.

मी दीड तास तिथे होते. फोन बसमध्ये, पर्स बसमध्ये, तुझ्या जागेवर. दालनाच्या कोपऱ्यात राखणदार बाई खुर्चीवर बसली होती, आपल्याच वयाची. मी रडवेली होऊन खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होते. तिला माझं काही कळेना, मला तिचं. शेवटी मी गळ्याकडे बोट दाखवलं आणि हवेतच टाके घालून दाखवले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्चीखालून पिशवी काढली. आत काय असावं? विणकाम. (नोकरीच्या वेळेत. मला ती तिथेच आवडली.) तिने मला गळा करून दाखवला, एकदा, दोनदा, तीनदा. बोटं अशी चालतात की डोळ्यांचं पारणं फिटावं. आणि माझ्या डोक्यात एक टाका शिरेना. का, ते मला तिसऱ्या वेळी कळलं. ती गप्प बसून विणत होती. तू कधी गप्प विणलेलं नाहीस. दोन सुलट, एक सोड, ओढू नकोस, आता वळ, घाई काय आहे, असं तुझं सारखं चालायचं आणि मी शेजारी बाही ओढत बसायचे. मला वाटायचं, काय ही कटकट. ताई, ती मला हवी होती. त्या बाईच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसून मी रडले, आणि तिला वाटलं गळा अवघड गेला म्हणून.

बस परत आली. माझी आठवण झाली म्हणून नव्हे. नर्सबाईंना कात्री हवी होती आणि ती माझ्या खांद्यावरच्या झोळीत होती. छत्रीवाल्याने आता नंबरांची पद्धत बंद केली आहे. तो प्रत्येकीच्या डोक्यावर छत्री टेकवून मोजतो.

बाकी सर्व क्षेम. हवा कोरडी आहे, ओठ फुटतात. भाऊजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद. मला तुझ्याकडून काहीही नको आहे.

तुझी
धाकटी

ता. क. काहीच नको आहे असं नाही. उद्या चारला (तुझ्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात) मी फोन करीन. तो उचल आणि गळा सांग. पहिल्या टाक्यापासून. फोन मी कानाशी पदरात लपवते, कुणाला कळणार नाही. आणि ते सुयांचं वाक्य मी परत घेते. देऊ नकोस कुणाला.

आणखी एक ता. क. वरचं लपवायचं रद्द. मघाशी राहवलं नाही, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की गळे ताईचे. कुणाचाही चमचा थांबला नाही. हेडबाई म्हणाल्या, "ताईंचे हात कापायला लागल्यापासून तुम्ही दोन वर्षं नुसते मफलर विणताय. आम्हाला काय दिसत नाही?" मी विचारलं, मग गळा मला का दिलात? म्हणाल्या, "तुम्हाला कुठे दिला? तुम्हा दोघींना दिला होता. त्या सांगतील, तुम्ही विणाल, असं ठरवून ठेवलं होतं. त्या आल्याच नाहीत."

शेवटचा ता. क. छत्रीवाल्याने हॉलवाल्यांशी बोलून फोन माईकला जोडायची व्यवस्था केली आहे. उद्या मंचावर माझे हात आणि तुझा आवाज. इथल्या बायकांना आपली भाषा येत नाही, पण आपल्या बारा जणींना येते, तेव्हा चुकले तर मला माईकवरून ढ म्हणू नकोस. नाहीतर म्हण. हवं तितक्यांदा म्हण, पण फोन उचल.